शिंप्याने कापलेला मनोरा

यावर कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! पण आमच्या वाल्सेरेना गावाने माणसांचा सात थरांचा मनोरा लावला, धडपणे उतरवला, आणि टोकावरच्या पोरीने हात उंच केला तेव्हा तिच्या बोटांना ढग चिकटला, हे मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय. हसू नकोस, एउलालिया. बदाम खा आणि ऐक.

ती पोर म्हणजे केराल्त. नऊ वर्षांची, मांजरीसारखी हलकी आणि मांजरीइतकीच हट्टी. ती, तिचा मामेभाऊ रोक आणि त्यांचा दोस्त जोफ्रे असे तिघे त्या सुट्टीत दिवसभर चौकात पडीक असायचे. कारण गावात बार्सिलोनाहून सिनेमावाले आले होते!

सिनेमा होता भविष्यकाळातला. त्यात एक आठवणींचा शिंपी असतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तो भलंमोठं चंदेरी शिरस्त्राण ठेवतो, आतली आठवण पडद्यावर उतरवून घेतो, आणि मग नको ते कापतो, हवं ते जोडतो. त्याच्याकडे आलेल्या एका म्हातारीच्या डोक्यात तिच्या लहानपणचा मनोरा असतो. आणि मनोरा म्हटलं की आम्ही!

"मोबाइल या गोणीत टाका सगळे!" दिग्दर्शक फेलीउ ओरडले. "सिनेमा लागायच्या आधी एकही चित्र बाहेर जाता कामा नये!"

गोण भरली आणि मनोरा चढायला लागला. अख्खं गाव खालच्या बुंध्यात होतं, एकमेकांना रेटून, माना खाली घालून. मीही होतो, सदुर्नी न्हाव्याच्या पाठीत नाक खुपसून. बुंध्यातल्या माणसाला वर काय चाललंय ते सनई सांगते. थर चढताना एक धून, टोकावरच्या पोराने हात वर केला की दुसरी, उतरताना तिसरी. शेवटचा माणूस जमिनीला लागला की ती लांब तान घेऊन थांबते. त्या दिवशी ती तान ऐकली आणि गाव अक्षरशः नाचलं! सात थर आमच्या पणजोबांनाही जमले नव्हते. नगराध्यक्षा रेमेईकाकूंनी चौकातल्या भिंतीवर निळी फरशी बसवून घेतली: 'सात थर. टोकावर केराल्त.'

मग आली गावजत्रा. पहिल्याच संध्याकाळी सिनेमावाल्यांनी चौकात पडदा लावून आमचा तुकडा दाखवला. मनोरा चढला. केराल्तने हात केला. टाळ्या पडणार, एवढ्यात सगळा मनोरा धाडकन कोसळला!

चौक गार पडला. शेजारच्या फोन्तसेका गावची मंडळी मात्र पोट धरून हसली. "उतरवला म्हणे! वर फरशी लावली म्हणे!"

"तो पडला नव्हता!" केराल्त किंचाळली.

"मग आत्ता दिसलं ते काय, बाळ?" रेमेईकाकूंनी विचारलं.

फेलीउंनी डोकं खाजवलं. "सिनेमातला शिंपी आठवण कापतो खरी. आमच्याकडे सरावातली एक पडझडही होती. ती आम्ही जोडली, की मनोरा मुळातच पडला होता? आता आठवत नाही बुवा. मूळ डिस्क मिळाली की सांगतो."

"म्हणजे ती हरवलीय?" रोकने विचारलं.

"हरवली नाही! फक्त कुठे आहे ते माहीत नाही!"

आणि सकाळी खरी गंमत झाली. पाववाला म्हणाला, "मी तेव्हाच बोललो होतो, डावी बाजू हलतेय!" सदुर्नी न्हावी खांदा चोळत म्हणाला, "तिसरा थर माझ्यावरच तर आदळला!" केराल्तच्या आईनेही तिला जवळ घेतलं. "पडलीस तर पडलीस, राणी. लागलं नाही ना? झालं तर!"

रेमेईकाकूंनी निकाल देऊन टाकला. "आज पुन्हा खेळ आहे. तो संपला की फरशी काढायची. खोटी फरशी भिंतीवर नको."

केराल्त कारंज्याच्या कठड्यावर बसून राहिली. "उतरताना खालच्या ताईच्या कमरपट्ट्यावर पाय ठेवला होता, ते मला आठवायचं. आता डोळे मिटले की पडतानाच दिसतं. रोक, माझीही आठवण कापली का रे त्यांनी?"

रोक ताडकन उठला. "चला! तो तुकडा पुन्हा बघायचा!"

दुपारी सिनेमावाल्यांचा मदतनीस पाउ नगरभवनात सिनेमाच्या यंत्रापाशी एकटाच होता. 

"पाउदादा," रोक साळसूदपणे म्हणाला, "हा जोफ्रे म्हणतो, तुला ते यंत्र चालवताच येत नाही. तू फक्त खोकी उचलतोस."

"कोण म्हणतो? बस इथे! बघच आता!"

पाउने तुकडा लावला. मनोरा पडला. "पुन्हा जमेल?" रोकने विचारलं. पाउने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा जोफ्रेला बघवेना. त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले. आणि एकदम ओरडला, "डोळे मिटा! दोघंही! मिटा म्हणतो ना!"

"वेडा झालास का?"

"ऐक! मनोरा पडला की सनईवाले काय करतात?"

"थांबतात. धून तोंडातच राहते," केराल्त म्हणाली.

"मग ही कुठली वाजतेय?"

केराल्तने डोळे मिटले. सनई चालू होती. उतरण्याची धून! एकेक थर खाली येत होता, सावकाश, न अडखळता... आणि शेवटी ती लांब तान!

"शहाण्यांनी चित्र कापलं," रोक हळूच म्हणाला, "आणि आवाज तसाच ठेवला!"

तिघे धावत रेमेईकाकूंकडे गेले. पण काकू खुर्च्या मोजत होत्या. "डोळे मिटून सिनेमा बघू? अरे, जा रे! ऊन लागलंय तुम्हाला!"

"बघायचा नाही ना?" रोक बाहेर येऊन म्हणाला. "मग कोणालाच बघू द्यायचा नाही!"

संध्याकाळी चौक गच्च भरला. फोन्तसेकावाले तर पुढच्याच रांगेत! एक माणूस शिडी आणि छिन्नी घेऊन फरशीखाली उभा होता. पडद्यावर मनोरा चढू लागला, आणि टोकाचा एकच थर उरला असताना रोकने यंत्राशेजारी ठेवलेलं सिनेमातलं ते चंदेरी शिरस्त्राण उचलून थेट प्रक्षेपकाच्या तोंडावर चढवलं. गुडुप अंधार!

"अरे कोण आहे रे तो? उजेड!"

"गप्प बसा!" केराल्त खुर्चीवर चढून गरजली. "बुंध्यात असल्यासारखे ऐका!"

सनई वाजत होती. काय सांगू तुम्हाला! अंधारात न्हाव्याने नकळत मान खाली घातली. पाववाल्याने पुढच्याच्या पाठीवर हात टेकले. एकामागून एक सगळं गाव खुर्च्यांवरून उठलं आणि एकमेकांना रेटून उभं राहिलं. हात केल्याची धून आली. मग उतरण्याची. कोणी श्वास सोडेना. एक थर... अजून एक... आणि ती लांब तान! शेकडो छात्यांतून एकदम सुस्कारा निघाला.

"उतरला," सदुर्नी न्हावी अंधारात म्हणाला. "अरे, आपण उतरवला होता!"

"मग तुमच्या खांद्याचं काय, काका?" जोफ्रेने विचारलं.

"कसला खांदा? एकदम ठणठणीत आहे!"

पाउने धावत येऊन शिरस्त्राण काढलं, तर त्याच्या अस्तरातून काहीतरी टपकन खाली पडलं. डिस्क! "अरेच्चा," तो पुटपुटला, "सुरक्षित राहावी म्हणून इथे ठेवली होती होय मी!"

मग खरा मनोरा पडद्यावर आला, आणि सनई जे सांगत होती तेच तो करत गेला. केराल्त शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून बघत होती. फोन्तसेकाचा प्रमुख उठला, त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्याशी हात मिळवला. "पोरी, हसलो ते चुकलं. असा मनोरा आमच्याही गावाला जमलेला नाही."

फेलीउंनी कान पकडले. "आमच्या शिंप्याला तुम्ही तिघांनी हरवलंत! सिनेमाच्या शेवटी म्हातारीला खरी आठवण परत मिळेल, आणि ती हीच असेल!"

आणि रेमेईकाकूंनी छिन्नीवाल्याला परत पाठवलं, तिघांना पोटाशी धरलं. "फरशी तिथेच राहील. तिच्याखाली अजून एक लागेल: 'डोळे मिटून खरं बघणारे: केराल्त, रोक, जोफ्रे.' गावाची मान तुम्ही वर केलीत रे!"

मला मात्र काही नवल वाटलं नाही. गाव डळमळलं असेल, मी नाही! कारण मनोरा लागला त्या दिवशी मी सगळं स्वतः पाहिलं होतं. केराल्तचा तो हात, ती पाच बोटं, आणि त्यांना चिकटलेला तो कापसासारखा...

"थांबा, आजोबा!" एउलालिया बदाम टाकून उठली. "तुम्ही तर बुंध्यात होता! न्हाव्याच्या पाठीत नाक खुपसून! मग ढग दिसला कुठून?"