दोन बोटं कमी

भंगारवाल्याकडे दाराच्या रबराचा एकच धड गुंडाळा होता, आणि त्याची दोन टोकं दोघांच्या हातात होती.

“सोडा,” मैना म्हणाली.

“मी आधी बघितलं होतं.”

“बघून काय होतं? हात माझा आधी लागला.”

बाहेर श्रावणातली रिपरिप. सातपूरच्या त्या शेडचा पत्रा तीन ठिकाणी गळत होता आणि त्यातली एक धार बरोबर त्या पोराच्या कॉलरमध्ये पडत होती. तरी बेटा जागचा हलायला तयार नाही.

“अहो, माझी गाडी जुनी आहे. तिला नवं रबर बसत नाही.”

“मग जुनी घेतली कशाला?”

“घेतली नाही… राहिलीये.”

हे तो अशा काही आवाजात म्हणाला, की मैनाचं पुढचं बोलणं तोंडातच राहिलं. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. नखांत काळं ग्रीस. बाहीवर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं. शर्टाचं दुसरं बटण लाल दोऱ्यानं लावलेलं – स्वतःच लावलेलं, आणि वाकडं.

“कुठली गाडी?”

“हेराल्ड. उघडी. म्हणजे… कापडी हूड होतं तिला, उंदरांनी खाल्लं. आता एक कुशनवाला हात लावत नाही. सगळे म्हणतात, ताडपत्री टाका.”

मैनाच्या हातातलं टोक सैल पडलं.

“द्वारका चौकातले रंगनाथ कुशनवाले माहितीयेत?”

“ते पण नाही म्हणाले.”

“नाही म्हणाला तो माझा मामा. मला कुठं विचारलंत?”

तो हसला. हसताना फक्त एक गाल हलायचा त्याचा. रबर शेवटी तोच घेऊन गेला. जाताना फोन काढून विचारलं, “नाव काय लावू?”

“हूड लावा.”

“आडनाव?”

“काम नीट झालं की सांगते.”

त्याचं नाव रविराज.

मैनानं अकरावीत सरांशी भांडून कॉलेज सोडलं होतं. सरांचं चुकलं होतं, पण ते तिनं सगळ्या वर्गासमोर सांगितलं, त्यामुळे तिचं चुकलं. मग नांदगावच्या घरात तिचा एक दिवस धड जाईना. शेवटी वडील, बहिरूअण्णा, तिला नाशिकला मामाच्या दुकानात सोडून गेले. दोन वर्षं तिनं दुसऱ्यांच्या शिवणी उसवल्या आणि फोम कापला. दुकानात जाड कापडाचं मोठं मशीन एकच. त्यावर बसणारे म्हातारे कारागीर दिवाळीला काम सोडणार होते. त्या स्टुलावर मग कोण बसणार? मैना, की सहा वर्षं दुकानात असलेला लखन?

हेराल्डचं ऐकल्यावर मामानं आधी हातातला फोम कापून संपवला. मग म्हणाला, “कर. बसलं नीट, तर मशीन तुझं. नाही बसलं तर मैने, नांदगावला परत. आणि बाप दाखवेल त्या पोराला हो म्हणायचं. मंजूर?”

“मंजूर,” मैना म्हणाली. रात्री झोप लागली नाही तिला.

रविराजचं घर म्हसरूळला. पोर्चमध्ये गाडी उभी, अंगभर राखाडी प्रायमर, बाहेरच्या आभाळाचाच रंग. त्याच्या बाबांनी कधी तरी हौसेनं आणलेली. दर रविवारी पुसायचे, आईला सांगायचे, पुढच्या महिन्यात चालू करतो, तुला गंगेवर फिरवून आणतो. ती चालू झालीच नाही. कोरोनात बाबा गेले. तेव्हापासून आई मागच्या दारानं ये-जा करायची. पुढच्या दारातून गेलं की गाडी दिसायची ना…

रविराज अंबडला एका कंपनीत दुसऱ्या पाळीत होता. सकाळी गाडी, दुपारनंतर कंपनी. सडलेला तळ कापून त्यानं नवा पत्रा जोडला होता. मारुती व्हॅनचं इंजिन बसवलं होतं, ब्रेकसुद्धा नव्या पद्धतीचे.

“म्हणजे गाडी जुनी, आणि काळीज दुसऱ्याचं,” मैना म्हणाली.

“चालतंय ना? मग झालं.”

आधी सीटा झाल्या. तपकिरी रेक्झिन, दुहेरी शिवण. मग हुडाच्या कमानी. मैना खडूनं खुणा करायची, तो टेपचं दुसरं टोक धरायचा.

“ताणून धरा.”

“धरलीये.”

“हात थरथरतोय तुमचा.”

“थंडी आहे.”

“ऑगस्टमध्ये?”

“नाशिकचा ऑगस्ट आहे.” मग हळूच, “आणि ते ‘तुम्ही’ सोड आता. मनातल्या मनात तू मला ‘तू’च म्हणतेस.”

“तुला काय माहीत?”

“चिडलीस की ओठ हलतात तुझे. काल ‘बावळट’ म्हणालीस. दोनदा.”

“तीनदा,” मैना म्हणाली, आणि खडू उचलायच्या निमित्तानं खाली वाकली… चेहरा लपवायला.

आई चहा आणायची. कप ठेवायची आणि गाडीकडे न बघता आत जायची. एकदा मात्र सीटेवर हात ठेवून उभी राहिली. “ह्यांना तपकिरीच हवा होता,” एवढंच म्हणाली. पाऊस तेवढा पत्र्यावर वाजत राहिला.

मैनाला तिथून निघताना रोज जड व्हायचं. सिटी बसच्या ओल्या काचेला डोकं टेकून ती मनात दिवस मोजायची. कमानी झाल्या. आता माप, कापणं, शिवणं, बसवणं. म्हणजे आठ दिवस. फार तर नऊ. मग काय? मग काहीच नाही.

हे तिनं त्याला सांगितलं नाही. पण तोही तेच मोजत होता, हे तिला कुठं माहीत होतं?

मामानं मुंबईहून कापड मागवलं. काळा दुपदरी कॅनव्हास, त्या गाडीपुरता एकच तुकडा. तो घेऊन मैना आली, तेव्हा खडू हातात घेण्याआधी तिनं विचारलं,

“गाडी आता हलणार नाही ना? खालून काय उचलाउचल करायची, ती झाली सगळी?”

विचारायला कारण होतं. साध्या गाडीला छत धरून ठेवतं. ह्या गाडीला वरून धरायला काहीच नाही. बॉडी आणि सांगाडा यांच्यामध्ये लोखंडी चकत्या टाकतात. त्या कमीजास्त झाल्या की गाडी मधून वाकते, दारांच्या फटी बदलतात, पुढची काच मागेपुढे होते. कापड एकदा कापलं की कापलं. आणि मैनाला कापड कळायचं, लोखंड त्याला.

रविराज पाना पुसत होता. पुसतच राहिला.

“नाही हलणार,” तो म्हणाला… जरा उशिरानं. “घे माप.”

तिनं घेतलं. तीनदा घेतलं. पाच दिवस म्हाताऱ्या कारागिरांच्या शेजारी बसून त्याच मोठ्या मशीनवर शिवलं. एक टाका वाकडा नाही. लखनसुद्धा येऊन बघून गेला आणि काही टोमणा न मारता गेला.

बुधवारी मामा स्वतः बघायला आला. मागून हूड बसलं. कमानींवरून छान ताणलं गेलं. मैनानं पुढची कड काचेच्या चौकटीकडे ओढली… आणि कड चौकटीपाशी पोचलीच नाही. दोन बोटं कमी.

तिनं पुन्हा ओढलं. मामानं ओढलं. दोघांनी मिळून ओढलं. दोन बोटं.

“खडूनं रांगोळी काढ घरी बसून!” मामा ओरडला. “तीनदा माप घेतलं म्हणे! एवढं कापड, मुंबईवरून… अगं, लखन बरोबर बोलत होता. कापडाचं काम म्हणजे भांडण नाही, कोणाशीही करायला!”

मैना एरवी चवताळून उठली असती. पण ती खाली बघत होती. दाराखाली, सांगाड्यावर. तिथं चार नव्या चकत्या होत्या. चकचकीत, ताज्या ग्रीसच्या. माप घेतलं तेव्हा त्या तिथं नव्हत्या. तिला पक्कं आठवत होतं, नव्हत्या.

तिनं रविराजकडे बघितलं. तो हुडाकडे बघतच नव्हता. तोही त्या चकत्यांकडेच बघत होता.

“कधी टाकल्यास?” तिनं अगदी हळू विचारलं.

“सोमवारी.”

“टाकायच्या आहेत हे माहीत होतं… ‘घे माप’ म्हणालास तेव्हा?”

त्याची पान्यावरची बोटं पांढरी पडलेली. आत आईच्या हातातले कप वाजले. मामा पुढं बोलतच होता, आणि तो गप्प.

मामाला ती सांगू शकली असती. नाही सांगितलं. ते त्यानं सांगायचं होतं.

तिनं खडू, टेप, कात्री पिशवीत भरलं आणि संध्याकाळच्या बसनं नांदगावला गेली.

नांदगावात पाऊस नुसता लोंबकळत होता, धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. मैना म्हशीचं शेण काढायची, भाकरी थापायची, आणि कोणाशी बोलायची नाही. फोन बंद. देवळ्याच्या एका स्थळाचा फोटो वडलांनी ताकातल्या माशीसारखा दोन बोटांत धरून आणला आणि तिचा चेहरा बघून पुन्हा खिशात ठेवला. “ऱ्हाऊ दे. आज नको,” म्हणाले.

दहाव्या दिवशी सकाळी बाहेरून त्यांची हाक आली.

“मैने, तुह्याकडं कोनी आलंय बघ. गाडीला छत नाय अन् पोराला अक्कल नाय. लय भिजलाय.”

हेराल्ड अंगणात उभी होती. प्रायमरवर नांदगावपर्यंतचा चिखल. रविराजच्या केसांतून पाणी गळत होतं. वडलांनी दिलेला टॉवेल त्यानं नुसताच हातात धरला होता.

“काका,” तो आधी त्यांनाच म्हणाला, “हूड हिच्यामुळं नाही बिघडलं. मी चुकीचं माप घेऊ दिलं. मुद्दाम.”

बहिरूअण्णांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे. “म्हशीला पानी दावून येतो,” म्हणाले आणि गेले. म्हशीला तासाभरापूर्वीच पाणी दाखवलं होतं.

“नऊ दिवस लागले?” मैना म्हणाली.

“मामांना सांगायला आठ. इथं यायला एक.”

“मामा काय म्हणाला?”

“कानाखाली काढली.”

“किती?”

“एकच.”

“एकच?”

“दुसरी तुझ्यासाठी ठेवलीये म्हणाले.”

तिला हसू आलं, आणि त्याच हसण्याचा तिला एवढा राग आला की डोळे भरले.

“का केलंस रे?”

“हूड झालं असतं… की तू यायची थांबली असतीस.” तो टॉवेलाशी बोलत होता. “मला वाटलं, थोडं कमी पडेल. कापड आहे, ओढलं की येईल. तू चिडशील, आणखी चार दिवस येशील…”

“कापड म्हणजे पत्रा आहे, ठोकून वाढवायला?”

“आता कळलं.”

“मामासमोर का नाही बोललास? मी तिथं उभी होते. तुझ्याकडेच बघत होते.”

“घाबरलो. वाटलं, सांगितलं तर तू कायमची जाशील.”

“आणि नाही सांगितलंस तर काय झालं?”

गाडीच्या तपकिरी सीटेत पाणी साचत होतं, आणि मैनाला ते बघवत नव्हतं.

“मला आवडायचं तिकडं यायला,” ती म्हणाली. आवाज फाटला, तरी म्हणाली. “एकदा नुसतं ये म्हणाला असतास ना… हूड बसल्यावरसुद्धा आले असते. रोज आले असते. बावळट.”

तो एक पाऊल पुढं आला. ती मागं सरकली नाही. पण हातही पुढं केला नाही.

“मामांनी निरोप दिलाय,” तो म्हणाला. “परत ये म्हणालेत. पण… दिवाळीनंतर मोठं मशीन लखनचं ठरलंय. शब्द दिलाय, आता फिरवणार नाहीत. तुला पुन्हा उसवण्यापासून.”

मैनानं खालचा ओठ दातांत धरला. दोन वर्षं उसवण्यात गेली होती. आणखी किती जाणार, देव जाणे. ती आत गेली. कपाटातून कपडे काढले, पिशवीत कोंबले. बाहेर आली तेव्हा वडील परत आले होते.

“जातीस?”

“जाते, अण्णा.”

“ह्येच्यासंगं?”

“मशीनसाठी. आज ना उद्या दुसरं येईलच मामाकडं.”

रविराजनं गाडीचं दार उघडलं. टॉवेलानं सीट पुसली, चांगली घासून. “बस ना.”

“एसटीनं जाते मी.”

“मैना…”

“तू माझं एक स्टूल घालवलंस. त्याचं मी काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत गाडीत बसायची नाही. तुझ्या घरीही यायची नाही.”

“आणि कळल्यावर?”

“ते तेव्हा.”

बस निम्मी रिकामी होती. मैना मागच्या खिडकीत बसली. काच वर होत नव्हती, त्यामुळे पाऊस सरळ बाहीवर येत होता. मनमाड गेलं. कांद्याचे ट्रॅक्टर, ओले बोर्ड, रस्त्याकडेची ओली कुत्री, सगळं एकाच रंगाचं. तिनं ठरवलं होतं, मागं बघायचं नाही. चांदवडपर्यंत बघितलं नाही.

चांदवडला कंडक्टर तिच्या शेजारी येऊन खिडकीतून वाकला.

“ताई, ती मागची उघडी गाडी बघितली का? नांदगावपासून पाठीमागं आहे. आपण थांबलो की थांबते. तो पोरगा पार भिजून चिंब झालाय, पण ओव्हरटेक काय करत नाही.” मग आवाज उतरवून, “घरचे का तुमचे?”

मैनानं मागं वळून बघितलं. बसच्या चाकांचा चिखल बोनेटवर उडत होता. रविराज एका हातानं डोळ्यांवरचं पाणी पुसत होता, दुसरा हात स्टिअरिंगवर. त्यानं तिला बघितलं. हात हलवला नाही, हसला नाही. नुसतं अंतर तेवढंच ठेवलं.

“नाही,” मैना म्हणाली.

त्याला हटकायला बस थांबवावी म्हणून कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

“पण येतोय तर येऊ द्या,” ती म्हणाली. “ड्रायव्हरदादांना म्हणावं… जरा हळू घ्या.”