पन्नास मिनिटांची शांतता

"मी रागीट आहे म्हणे," असं म्हणत प्लासिदाने गुप्तहेर डेल्फिना ओयार्सूनच्या टेबलावर एक कागद आपटला. "स्वभाव तपासायला शाईचे डाग दाखवले. मला त्यात चूल दिसली. झालं, वही मीच जाळली."

ब्वेनोस आयरेसमधल्या एका मनोविश्लेषण संस्थेत प्लासिदा अकरा वर्षं साफसफाई करत होती. काल दुपारी चार ते पाचच्या दरम्यान डॉक्टर नेलिदा बेन्सुसान यांच्या पुस्तकाचं एकमेव हस्तलिखित, एक जाड वही, गच्चीवरच्या मांस भाजायच्या शेगडीत जळालं. आज सहाला पोलीस येणार होते. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला, तर प्लासिदाला पराग्वेला परत धाडणार होते.

"सही संस्थेच्या मोठ्या डॉक्टरची आहे, बाई," डेल्फिनाचा मदतनीस आन्सेल्मो म्हणाला.

"मग ताप मोठाच होणार," डेल्फिनाने कागद खिशात कोंबला.

नेलिदाबाई माणसाचा स्वभाव प्रश्नावलीने मोजत. वहीत त्यांनी संस्थेचे प्रमुख डॉक्टर इरियार्ते यांचे वीस वर्षांचे रुग्ण तपासले होते. उपचारांनी कुणाचाच स्वभाव बदलला नव्हता. तरीही त्या चाचरत म्हणाल्या, की त्यांच्या मोजमापातही प्लासिदा रागीटच निघाली होती.

"अकरा वर्षं ती तुमचा कचरा उचलते," डेल्फिना म्हणाली, "आणि तुम्ही तिला ओळखता ते प्रश्नावलीवरून."

इरियार्तेंच्या खोलीला गादी लावलेली दुहेरी दारं होती, खाली जाड गालिचा. लहानपणी दाबलेला राग मोठेपणी पेट घेतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. चार वाजल्यापासून ते रुग्णासोबत होते. नेलिदाबाईंनी पुढे केलेली खिम्याची करंजी त्यांनी परतवली. ते मांसाला शिवत नसत, गच्चीवर तर वर्षभरात पाऊल ठेवलं नव्हतं.

त्यांचे रुग्ण, निवृत्त दंतवैद्य गारिबोत्ती, खालच्या कॅफेत भेटले. कोचावर भिंतीकडे तोंड करून ते बोलत राहिले होते. डॉक्टर नेहमीसारखे मागे बसलेले.

"काल एकदाही मधे बोलले नाहीत. एरवी 'हं' तरी करतात. आणि घड्याळाचा इतका पक्का माणूस, पण काल ठरलेल्या पन्नास मिनिटांवर सात जास्त दिली." ते हसले. "निघताना निरोपाचा म्हणून नेहमीसारखा गालाला गाल लावला, तर दाढीला निखाऱ्याचा वास. म्हटलं, आज भाजलेल्या मांसावर ताव मारलाय."

पावणेसहाला डेल्फिनाने सगळ्यांना इरियार्तेंच्या खोलीत बसवलं.

"गारिबोत्ती खोटं बोलत नाहीत. त्यांनी डॉक्टरांना पाहिलंच नाही. कोचावरच्याला मागचं दिसत नाही, आणि गप्प बसणं हा तर या धंद्याचा रिवाज."

"पण दाराचा आवाज?" आन्सेल्मोने विचारलं.

"गादीचं. पायाखाली गालिचा. वही जळायला वेळ लागला, म्हणून पन्नासाची सत्तावन्न मिनिटं झाली. मांस न खाणाऱ्या, गच्चीवर न जाणाऱ्या माणसाच्या दाढीला निखाऱ्याचा वास कुठून आला, डॉक्टर? ती वही छापली गेली असती, तर तुमचं दुकान बसलं असतं. म्हणून एका बाईच्या कपाळावर राग चिकटवलात."

इरियार्तेंनी दाढी चाचपली. मग म्हणाले, "माझे वडील फार कडक..."

"ते पोलिसांना सांगा," डेल्फिना म्हणाली. "तेही मधे बोलणार नाहीत."

नेलिदाबाई माफी मागायला उठल्या. प्लासिदाने किल्ल्यांचा जुडगा कोचावर टाकला.

"रागीट आहे हे खरंच आहे, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "अकरा वर्षं गिळत होते." आणि निघून जाताना तिने ती जड दुहेरी दारं उघडीच ठेवली.