तिसरी आणि चौथीमधली भिंत

भिंतीसाठी राजसीने केलेला अर्ज मंजूर झाला. शाळेच्या इतिहासात मंजूर झालेला हा पहिलाच अर्ज. पण आपण असं धरून चालू की तो मंजूर झालाच नाही. कारण पत्र हजेरीपटाखाली सरकवून गेले चार दिवस राजसीही तेच धरून चालली होती.

तर, जूनमधली गोष्ट. पालेगावजवळच्या त्या शाळेत खोल्या कमी, म्हणून तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. बदलून आलेली राजसी तिसरीला पाढे घ्यायला उभी राहिली. एक्केचाळीस डोक्यांच्या पलीकडे, दुसऱ्या फळ्यापाशी, जांभूळ गावचा सुयोग चौथीला बाष्पीभवन शिकवत होता. पडलेलं डस्टर उचलायला तो वाकला, कपाळावर केस आले, आणि राजसी ‘सात आठे’ म्हणून थांबली. पुढचा आकडाच सुचेना.

“छप्पन्न,” तिकडून तो म्हणाला. “चौथीला येतं, मॅडम. काही अडलं तर विचारत जा.”

राजसी अंबरनाथ पूर्वेची. चिडायचं ठरवलं की अर्धवट सोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघं एकमेकांवर आवाज चढवून शिकवायला लागली. पहिल्या चाचणीत तिसरीतल्या सोनूने लिहिलं, ‘सात आठे बाष्पीभवन.’ चौथीतल्या यज्ञेशने लिहिलं, ‘पाणी तापून वर जातं तेव्हा त्याचे छप्पन्न होतात.’

त्याच दुपारी राजसीने भिंतीसाठी अर्ज लिहिला.

“द्या, मी ऑफिसात देऊन येतो,” सुयोग म्हणाला.

“वाटेत हरवाल.”

“तुमची वस्तू... मी हरवेन?”

हे वाक्य तिने घरी जाऊन दोनदा तपासलं. चूक सापडली नाही.

भिंत येईपर्यंतचा तोडगा सुयोगने काढला. डस्टर ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. दुसऱ्याच्या वर्गाने गुपचूप लिहायचं आणि दुसऱ्या शिक्षकाने ऐकायचं. सहा वर्षं नोकरी करून राजसीने दुसऱ्या कुणाला शिकवताना कधी ऐकलंच नव्हतं. उत्तर चुकलं की तो विचारायचा, “कसं आलं रे हे?” आणि मग खरंच ऐकून घ्यायचा. पंधरा दिवसांनी तीही विचारायला लागली. भाकरी मोडून अपूर्णांक कसे शिकवायचे, ते त्याने तिच्याकडून उचललं. हळूहळू चौथीची पोरं तिसरीत बसून पाढे म्हणवून घ्यायला लागली. सतरंज्या समोरासमोर कधी झाल्या, कुणालाच कळलं नाही.

कधी पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा, की डस्टर असूनही बोलता यायचं नाही. मग दोघं नुसतीच एकमेकांकडे बघत उभी... तो वेळ वाया गेल्याची कुठेही नोंद नाही.

मंजुरीचं पत्र लपवल्याच्या पाचव्या दिवशी मुख्याध्यापिका कुंदाताईंनी हजेरीपट उचलला.

“आली की गं तुझी भिंत. सोमवारी गवंडी येतोय.”

“नकोय, ताई. अर्ज मागे घेते.”

“मंजूर अर्ज मागे घ्यायचा नमुनाच नाही. कधी वेळच आली नव्हती.”

शाळा सुटल्यावर सुयोग पुसलेलाच फळा पुन्हा पुसत होता.

“पत्र सोमवारीच आलं होतं म्हणे. मला सांगितलं नाहीत.”

“डस्टर तुमच्याकडे होतं.”

त्याने ते पुढे केलं. “आता बोला.”

तिने दुसरं टोक धरलं. “भिंत झाली की मी सात आठेला अडेन... आणि पलीकडून कुणी छप्पन्न म्हणणार नाही.”

“मी ओरडेन ना भिंतीपलीकडून.”

“रोज?”

“रविवारी अंबरनाथला येऊन ओरडतो. तुमच्या घरच्यांना चालत असेल तर.”

“बाबांना ऐकायला कमी येतं. मोठ्याने ओरडा.”

डस्टर अजून दोघांच्याही हातात होतं. म्हणजे नियमाप्रमाणे दोघांनीही बोलायला हरकत नव्हती.

मग दोघांनी मिळून नवा अर्ज लिहिला.

‘प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी.

विषय : मंजूर भिंतीत डस्टर जाईल एवढी खिडकी ठेवणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर खिडकी दोन्ही शिक्षकांच्या डोळ्यांच्या उंचीवर असणे शैक्षणिकदृष्ट्या आवश्यक आहे. चौथीच्या शिक्षकांची उंची पाच फूट अकरा इंच व तिसरीच्या शिक्षिकांची पाच फूट असल्याने खिडकी तिरकी मंजूर व्हावी. चौथीच्या शिक्षकांना वाकण्याचे आदेश देऊ नयेत, ही नम्र विनंती. ते वाकले की तिसरीचा पाढा अडतो.’