अहवालातून खोडलेली अकरा

खोटं वाटलं तर माझ्या ताईला विचारा. फक्त "भास झाला असेल" म्हणू नका. ती अंगावर येते.

वार सोमवार, दुपारचे दोन. भूतबित निघायची वेळच नव्हे.

ताईचं काम म्हणजे, पाण्याची मोठी लाइन टाकायच्या आधी जमीन तपासायची. खाली जुनं काही आहे का ते बघायचं. बंद गिरणीमागच्या पट्ट्यात तिला अकरा थडगी सापडली होती.

सगळी लहान मुलांची.

तिने फोटो काढले, मापं घेतली, अहवाल दिला. आणि त्या दुपारी जाऊन पाहते तर खोदायला पोकलेन हजर.

"काम थांबवा," ती ठेकेदाराला म्हणाली.

त्याने कागद पुढे केला. "मॅडम, तुमच्याच ऑफिसचा आहे."

'काही आढळले नाही.' खाली तिच्या साहेबांची सही.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"अकरा मुलं कुठे गेली अहवालातून?"

"लाइन वळवायची तर सहा महिने जातील. समजून घे."

"काय समजून घेऊ? दोन महिने गुडघ्यांवर बसून ब्रशने माती काढलीय मी. एकीच्या मुठीत मणी आहे, साहेब. अजून सोडलेला नाही तिने."

तेवढ्यात पोकलेन बंद पडला... आपोआप.

रस्त्यावर गाड्या धावत होत्या... पण आवाज नव्हता.

"तुझ्याजवळ मुलं आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"विषय बदलू नका."

"अगं, रडतायत... किती जणं आहेत?"

ताईला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने वळून पाहिलं. पट्टा रिकामा.

ठेकेदार मात्र बघत होता... तिच्याकडे नाही. तिच्या आजूबाजूला, कमरेएवढ्या उंचीवर.

"गप्प कर त्यांना," साहेबांचा आवाज कापत होता.

ताई घाबरली असेल असं वाटतं ना? छे.

"नाही करणार. ऐका," ती म्हणाली. आणि फोन तसाच चालू ठेवून मातीवर ठेवला.

संध्याकाळच्या आत काम थांबवल्याचं पत्र आलं. लाइन वळली. साहेबांनी कारण कुणालाच सांगितलं नाही. ठेकेदार तर आता ओळखही दाखवत नाही.

ताईचा राग अजून उतरलेला नाही. "मी पुरावे दिले तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही," ती म्हणते. "शेवटी त्या लेकरांना स्वतःच रडावं लागलं."

हल्ली नव्या जागेवर पहिली कुदळ मारण्याआधी ती मला फोन करते. काही ऐकू येतंय का, एवढंच विचारते. मी 'नाही' म्हणतो.

परवा मला पटकन 'नाही' म्हणता आलं नाही...