जुन्या फायलींचं काय?

दोघांची पहिली भेट झाली ती चहा सांडून. नगरपालिकेच्या अरुंद बोळातून अमोल घाईने वळला, आणि त्याच्या काखेतल्या नकाशाच्या गुंडाळीचं टोक जुईलीच्या कपाला लागलं. अर्धा चहा तिच्या ओढणीवर, अर्धा नकाशावर.

"आता याची बी त्रुटी काढसान काय, मॅडम?"

त्याने इतक्या गरीब चेहऱ्याने विचारलं की बांधकाम परवानगी विभागातली ही नवी इंजिनिअर रागवायचंच विसरली.

अमोल मूर्तिजापूरकडच्या शेतकरी घरातला. इथे प्लॉट घेतला होता, घर बांधायचं होतं. एका टेबलाने सांगितलं, बाजूची जागा कमी सोडलीय. ते सुधारून आणलं, तर दुसऱ्या टेबलाला जिना आवडेना. जिना हलवला, तर तिसऱ्याला सांडपाण्याची आठवण झाली.

"सगळं एकदाच कावून नाही सांगत तुमी? मी नुसता येऊन राहिलो अन् जाऊन राहिलो."

"मग येत जाऊ नका," ती हसली.

"येण्याची तशी... काही तकलीफ नाही म्हना आता."

वऱ्हाडातल्या कचेरीत येणारा प्रत्येक पुरुष 'भाऊ' असतो. जुईलीने अमोलला मात्र एकदाही भाऊ म्हटलं नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या कुंदाताईंच्या ते बरोबर लक्षात आलं. "मॅडम, तुमचे ते आले हो," असं त्या मुद्दाम मोठ्याने सांगायच्या.

अमोलचा प्रश्न मात्र जुईलीच्या डोक्यातून जाईना. खरंच, एकदाच का सांगत नाही आपण? तिने नवी पद्धत मांडली: दर मंगळवारी सगळी टेबलं एकत्र बसतील, अर्जदार समोर बसेल, आणि सगळ्या त्रुटी एकाच बैठकीत सांगायच्या. मुख्याधिकाऱ्यांना ते पटलं. सही करता करता त्यांनी विचारलं, "जुन्या फायलींचं काय? त्याही घ्यायच्या का यात?"

कुंदाताईंनी मान वर केली. जुन्यांत अमोलची फाईल होती. हो म्हटलं असतं, तर मॅडमनी आपल्या माणसासाठी नियम बदलला, हे दुपारचे जेवणाचे डबे उघडायच्या आत गावभर झालं असतं.

"नको सर," जुईली म्हणाली. "जुन्या जुन्याच वाटेने जाऊ द्या."

नव्या फायली भराभर सुटू लागल्या. अमोलची या टेबलावरून त्या टेबलावर रखडत राहिली, आणि तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. जुईलीला वाटायचं, याची परवानगी एकदाची निघू दे, मग कुणाला काही म्हणायला जागा नाही, मग आपण बोलू. एवढी शिकलेली पोरगी, पण वेडीच. सोयाबीनची सोंगणी आली, त्यामागे तूर आली, आणि अमोलचं येणं थांबलं. अकोल्याला घरी गेली तेव्हा जुईलीला आईने विचारलं, "मनात कोणी आहे का तुझ्या?" अमोलने तर कधी काही म्हटलंच नव्हतं... ती काय सांगणार? अमरावतीच्या केयूरचं स्थळ आलं होतं, त्याला तिने होकार दिला.

उन्हाळ्याच्या तोंडावर अमोलची परवानगी निघाली. पेढ्यांचा डबा घेऊन तो तिच्या टेबलापाशी आला, दाढीबिढी करून.

"झालं बा एकदाचं. आता आमचे बाबा तुमच्या घरी येतील म्हनतात... म्हनजे, तुमची मर्जी असंन तर."

मग त्याला तिच्या बोटातली अंगठी दिसली.

"इतके दिवस का नाही विचारलंत?" तिने विचारलं.

"आमच्यात घराचं पक्कं झाल्याबिगर सोयरीक मागाले जात नाहीत."

"मी भाड्याच्या खोलीतही राहिले असते."

"मले वाटलं, नकाशा पाह्यल्याबिगर तुमी कोणालेच हो म्हनत नाही." तो कसंनुसं हसला.

"तुमची फाईल माझ्यामुळे अडकली. नव्या पद्धतीत मीच घेऊ दिली नाही."

"माहीत हाये. कुंदाताईनं तवाच सांगतलं." तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. "मले तर बरं वाटलं होतं. म्हटलं, मनात काही असल्याबिगर कोणी इतकं जपत नाही. म्हनून तर निवांत थांबलो."

जुईलीला वाटलं, हा ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

डबा टेबलावर ठेवून तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"घरभरणीले या, मॅडम. दोघंबी या."

ती "येऊ" म्हणाली. येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.