दोन दिवस साबण नको

"अहो, हे काय करून आलात?" शुभांगी जवळजवळ ओरडलीच.

प्रयोगशाळेच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाचं तोंड पिवळंधमक होतं. साई त्याचं नाव. मखमलाबादला घरची गुलाबशेती. संशोधनासाठी मुरुम असलेली माणसं हवीत, अशी कॉलेजची सूचना वाचून बिचारा आपणहून आला होता.

"आईनं हळद लावली," तो ओशाळून म्हणाला. "म्हणे, मॅडमसमोर असलं तोंड घेऊन जातोस होय?"

शुभांगीला हसावं की रडावं कळेना. मुरुम धरतो कसा, हे बघायला ती बशीत माणसाची कातडी जगवत होती. कुणा बाईच्या ऑपरेशनात निघालेली, तिने राजीखुशीने दिलेली. जेमतेम दोन आठवडे टिकणारी. त्यातले पाच दिवस सरलेही होते. त्या कातडीवर सोडायचे जंतू साईच्या मुरुमातून मिळायचे होते, आणि आईसाहेबांनी त्यांनाच हळद फासली होती!

"आता दोन दिवस साबण नको, हळद नको, काही नको. सोमवारी या. नाहीतर माझी वर्षभराची मेहनत..."

"पण रविवारी तर..." तो अडखळला. मग तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "येतो. नक्की."

सोमवारी तो आला. चेहरा तेलकट, मुरुम टपोरे. शुभांगी हरखली! नमुना घेताना तिची बोटं त्याच्या हनुवटीशी अंमळ जास्तच रेंगाळली... आणि तो श्वास रोखून बसला.

कातडीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं — केसांच्या मुळाशी जंतूंनी घर केलं होतं, आणि कातडी त्यांच्याशी झगडत होती. तिने पहिला फोन साईला केला. अर्ध्या तासात तो धापा टाकत हजर!

"तुमचे उपकार कसे फेडू?" तिचे डोळे भरून आले.

"उपकार कसले! त्या रविवारी वणीला मुलगी बघायला गेलो होतो... तसाच, न धुता. नकार आला."

"अरे देवा! माझ्यामुळे —"

"मुरुमांमुळे नाय हो. तिनं विचारलं, तोंड का नाय धुतलं? म्हटलं, शुभांगी मॅडमनी सांगितलंय. तर माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, मग लग्नाचं पण त्यांनाच विचारा की." त्याने तिच्याकडे पाहिलं. "म्हणून... विचारतो."

शुभांगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हो," ती म्हणाली. आणि वणीच्या त्या न पाहिलेल्या मुलीला तिने मनापासून दुवा दिला.