शर्यतीचं रूप

"ही गोष्ट आजवर कुणाला पटलेली नाही, तुलाही पटायची नाही," हणमंतअण्णा सरनोबत म्हणाले आणि लांब नाकाच्या लाल गाडीत ऐसपैस रेलले. "पण ही गाडी माणूस खाते."

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये नुकतीच गाडीची पूजा झाली होती. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. रविवारी ती शर्यतीत चालवणार होती गार्गी उदगावकर, धातुशास्त्रातली डॉक्टर. पण तिने हट्टाने आधी अण्णांना बसवलं. "तुमच्या हातची गाडी. पहिला मान तुमचा." इंजिनाचा खटका जुन्या गाड्यांसारखा बाहेर, बॉनेटच्या कडेला होता. तो ओढून ती तिथेच टेकून उभी राहिली. इंजिन घुमू लागलं.

अण्णांना काय, ऐकणारा मिळाला की पुरे. "सांगाडा जीपचा, गिअरबॉक्स उसाच्या ट्रकचा. आणि पत्रा? पन्हाळ्याच्या पायथ्याला उपग्रह पडला होता, त्याचा!"

"कुठूनही आणा, हा स्मृतिधातू आहे," गार्गी हसली. "भट्टीत तापवताना ज्या साच्यावर आवळाल, तो आकार हा विसरत नाही. वाकवा, चेपा, ठरावीक गरमी लागली की पुन्हा तोच आकार."

"आणि आमच्याला आकार दोन, म्हणजे दुहेरी स्मृती! गार असताना रस्त्याचं रूप. दोघं मजेत बसा, भाजी आणा. इंजिनाचं गरम पाणी पत्र्याखालच्या नळ्यांतून खेळलं, गरमीचा काटा नव्वदला टेकला, की शर्यतीचं रूप. मडगार्ड आत, शेपूट निमुळती, आणि बसायच्या जागेची कड चालवणाऱ्याच्या छातीला चापून बसते. वाऱ्याला शिरायला फट नाही."

"त्या रूपाचा साचा कुणी केला?"

"मीच की. माप माझ्या भागीदाराचं, रंगा तोरस्करचं. शिंप्यासारखं घेतलं. पिंपासारखा गडी! गाडी माझ्या हातची, आणि चिठ्ठ्या टाकल्या तर चालवायला नाव निघालं त्याचं." अण्णांनी क्षणभर तोंड वाकडं केलं. मग डोळे मिचकावले. "शर्यत जिंकला, बरं का. रेषा ओलांडली तेव्हा मेलेला होता. पाय पेडलवर तसाच दाबलेला."

"आई गं!"

"बरगड्यांचा चुरा. मग गाडी गार झाली, फुलासारखी उमलली आणि तिनं रंगाला अलगद परत दिला. पत्र्यावर ओरखडा नाही! पोलीस बोटं फिरवून गेले. डॉक्टर म्हणाले, पट्टा आवळला असेल. मी ओरडून सांगत होतो, गाडीनं खाल्ला. सगळे हसले." अण्णाही खुदखुदले.

"पण गाडी का खाईल?"

"माझ्यावर जीव तिचा. दुसरं कुणी बसलेलं सोसत नाही तिला."

"आणि तरी रविवारी मला बसवणार होतात?"

"सांगितलं की तुला! न ऐकून बसलीस तर तुझी मर्जी." एकदा सांगून टाकलं की पुढचं आपल्याला लागत नाही, असा अण्णांचा खाक्या होता. रंगालाही त्यांनी त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी हसत सांगितलं होतं.

"धातू जीव लावत नाही, अण्णा. त्याला शिकवावं तेवढंच तो करतो."

अण्णांची नजर काट्यावर गेली. तो ऐंशीच्या पुढे सरकला होता. "बरं, बंद कर आता. झाला मान."

"इतक्यात? मला शर्यतीचं रूप बघायचंय."

पत्रा करकरला. मडगार्ड कासवाच्या पायांसारखे आत गेले. अण्णांनी कडेवर हात रोवून उठायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात कड मांड्यांवर येऊन टेकली. मग पोटाला. "पोरी, खटका!"

"भिताय कशाला? तुमच्यावर जीव आहे ना तिचा?"

"चेष्टा पुरे! काटा बघ, काटा!"

पत्र्याला अजून कुठवर जायचंय हे या शेडमध्ये एकट्या अण्णांनाच ठाऊक होतं. सदऱ्याची गुंडी तुटून हारात पडली. त्यांना मोठ्याने ओरडायचं होतं, पण ओरडण्यापुरता श्वास आत मावेना. "मरतो मी... गार्गी..."

गार्गीचा अंगठा खटक्यावर होता. तिने तो दाबला नाही. ती वाकली आणि वर्गात शंका विचारावी तशा आवाजात म्हणाली,

"साचा रंगाच्या मापाचा होता ना, अण्णा? पिंपासारखा गडी. तुमच्यासारखा काडीपैलवान त्यात दोनदा मावेल. मग मरताय कसे?"